घरच्या बिअरची ओजी (आंबायच्या आधीची घनता) १.०२८ आली, आता १.०१८ वर अडकली: बाटल्या भरू का?

नको. अजून तीन-चार दिवस तरी नको.

बाकीच्यांसाठी तुझी हकीकत थोडक्यात सांगतो. इंग्लंडात लीड्सला तू बिअरच्या किटमधला १.७ किलोचा माल्ट एक्स्ट्रॅक्टचा (मोड आणलेल्या धान्याचा गोड अर्क) डबा आणि एक किलो ब्रूइंग शुगर घेऊन २३ लिटरचा घाणा लावलास. किटवर ओजी १.०३८ लिहिलेली, हायड्रोमीटरवर (घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी; पाण्यात १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर, आंबत जाते तसा खाली) आली १.०२८. घाबरून तू आणखी अर्धा किलो घरची साखर ओतलीस. मग हायड्रोमीटर बेसिनमध्ये फुटला, रिफ्रॅक्टोमीटर मागवलास, आणि आज बाराव्या दिवशी तो १.०१८ दाखवतोय. चार दिवस जागचा हलत नाही.

भिया, ती साखर टाकायच्या आधी विचारायला हवं होतंस. एक्स्ट्रॅक्टमध्ये ओजी एवढी चुकतच नाही. धान्य भिजवून करणाऱ्याला साखर किती उतरेल याची धाकधूक असते. तुझी तर कारखान्यातच उतरवून, काकवीसारखी आटवून डब्यात भरलेली. हिशोब कर. एक किलो पातळ एक्स्ट्रॅक्ट एका लिटरमध्ये साधारण ३०० पॉईंट देतं, ब्रूइंग शुगर ३५०. (पॉईंट म्हणजे १.०३८ मधले ते ३८.) डब्याचे ५१० आणि शुगरचे ३५० मिळून ८६०. भागिले २३, म्हणजे ३७. डबा गरम पाण्याने खंगाळून घेतला असशील आणि पाणी खुणेवरच थांबवलं असशील, तर १.०३७ च. खरंच १.०२८ व्हायला तीस लिटरच्या वर पाणी लागेल, तेवढं तुझ्या बादलीत मावणार नाही.

मग तो आकडा आला कुठून? खसचं सरबत आठव. सिरप आधी, पाणी वरून, आणि चमचा फिरवायचा राहिला: पहिला घोट फिका, तळाशी नुसता पाक. तूही दोन-तीन लिटर गरम पाण्यात एक्स्ट्रॅक्ट विरघळवून वरून थंड पाणी भरलंस, आणि वरच्या वर वाटी बुडवून नमुना घेतलास. नळाने खालून घेतला असतास तर कदाचित १.०५० येऊन उलट्या दिशेने घाबरला असतास. पाच मिनिटं दणकून ढवळायचं, मगच माप. यीस्टला प्राणवायू मिळतो तो वेगळाच फायदा.

तपमानाचाही थोडा हात असेल. बहुतेक हायड्रोमीटर २० डिग्रीला जुळवलेले असतात. गरम द्रव पातळ होतो, त्यात नळी जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. मी मे महिन्यात इथे इंदूरला रामबागेत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेऊन पाहिलं होतं. पाणी ४० डिग्री, आणि साध्या पाण्याला हायड्रोमीटर सांगतो ०.९९४! म्हणजे सहा पॉईंट नुसत्या उन्हाचे. ३० डिग्रीला अडीच-तीन जातात.

तर तुझी खरी सुरुवात ३७, वर अर्ध्या किलो साखरेचे आठ, म्हणजे सुमारे १.०४५. वहीत १.०२८ खोड आणि हे लिही.

आता १.०१८. साखर जवळपास सगळी आंबते, माल्टचा चौथा हिस्सा मागे राहतो, त्यामुळे ही बिअर १.००६ ते १.०१० ला थांबायला हवी. माझा संशय रिफ्रॅक्टोमीटरवर आहे. तो घनता मोजतच नाही, प्रकाश किती वाकतो ते पाहतो, आणि अल्कोहोल तयार झालं की त्याचा हिशोब बिघडतो. उकळलेल्या रसासाठी उत्तम, आंबल्यानंतर थेट वाचायचा नाही. तुझा ओजी आणि आजचा साडेचार ब्रिक्स (रिफ्रॅक्टोमीटरची साखरेची पट्टी; १.०१८ समोर तेवढाच असेल) दुरुस्तीच्या सूत्रात घातला तर उत्तर १.००६ च्या आसपास येतं. म्हणजे बिअर बहुधा झालेलीच आहे, आणि पाच टक्क्यांच्या थोडी वरच.

'बहुधा' वर मात्र बाटल्या भरायच्या नाहीत. तिकडे होतो तेव्हा मी भरल्या होत्या. एअरलॉकचे (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बुडबुडे थांबले, सातवा दिवस होता, मी मापलंच नाही. दहा दिवसांनी जिन्याखालच्या कपाटात रात्री दोनला पहिली फुटली, सकाळपर्यंत अजून तीन. काचा लाकडी दारात रुतल्या होत्या. कपाटात कोणी हात घालून उभं नव्हतं हे नशीब. उरलेली साखर बाटलीत आंबली की असं होतं. बुडबुडे थांबायला झाकण जरा सैल असलं तरी पुरतं.

म्हणून नवा हायड्रोमीटर घे. आधी २० डिग्रीच्या पाण्यात १.००० दाखवतो का बघ. आतली कागदी पट्टी सरकलेली नग मी दुकानातून आणलाय. बिअरचा नमुना दोन ग्लासांत दहा-बारा वेळा वरखाली कर, चहा गार करतात तसा, कारण गॅसचे बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा फुगतो. नळी बोटाने फिरवून सोड आणि काचेला चढलेली कड सोडून मधली पातळी वाच. नमुना परत बादलीत ओतू नकोस, पिऊन बघ. तीन दिवसांनी पुन्हा माप. दोन्ही वेळा १.०१० च्या खाली आणि तोच आकडा आला तर भर.

हायड्रोमीटरही १.०१८ च म्हणाला तर यीस्ट गारठलंय. तुझी खोली १५ डिग्री आहे म्हणतोस. बादली २० ला आण, हळूच हलवून तळाचं यीस्ट उठव, आठवडा दे. तरी हललं नाही तर नवं पाकीट, आधी कोमट पाण्यात जागं करून. साखर पुन्हा नाही!

इथे कोणाला हे वाचून किट मागवावंसं वाटत असेल तर: तिकडे घरापुरत्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही, इथे मध्य प्रदेशात आबकारी परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. माझा हायड्रोमीटर आता आईच्या दूध तपासायच्या लॅक्टोमीटरशेजारी खणात पडून असतो.

नवा आला की पाण्यातला आकडा आधी कळव, बिअरचा नंतर.