कोकमाच्या आगळात पांढरी सुती ओढणी रंगवली तर रंग टिकेल का?

नाही टिकणार, पहिल्याच साबणाच्या धुण्यात लाल जाऊन निळसर-करडा होईल, उरलेला उन्हात विटेल. कोकमाचा लाल रंग (अँथोसायनिन) आंबटपणावर जगतो आणि साबण पडतो अल्कली, म्हणजे आंबटाच्या उलट. आमच्याकडे सोलं वाळवताना हात पुसलेली फडकी धुतली की ओल्या राखेसारखी दिसतात, तीच गत. शिवाय आगळात मीठ असतं. सोलकढीसाठीच ठेवा ते.

त्यापेक्षा कांद्याची सालं किंवा नारळाचं सोडण (बाहेरचं तंतूंचं साल) घ्या. १०० ग्रॅम कापडाला तेवढीच सुकी सालं तासभर उकळून गाळा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, हलकं पिळा आणि रंगात तासभर मंद आचेवर ठेवा. सुतावर नुसती तुरटी नीट धरत नाही, म्हणून हिरड्याचा टॅनिन (तुरट द्रव्य) लागतो. सालांचा सोनेरी-पिवळा येतो, सोडणाचा तांबूस तपकिरी. वाळवायचं सावलीतच.

फक्त विहिरीच्या पाण्यात लोह असेल किंवा लोखंडी कढई वापरलीत, तर रंग काळपट येतो. स्टीलचं पातेलं घ्या, आणि आधी रुमालाएवढ्या तुकड्यावर करून बघा.