मुक्कामाच्या ट्रेकसाठी कोणती मॅट घ्यावी?

प्रश्न : डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर दोन मुक्काम आणि मे महिन्यात उत्तराखंडातील हर की दून, असा आमचा बेत आहे. माझे वय पन्नाशीच्या पुढे असून मी कुशीवर झोपतो; सॅकचे वजन आता खांद्यांना सोसत नाही. घरातली योगा मॅट चालेल, की हवा भरायची मॅट घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : योगा मॅट घरीच राहू द्यावी. आसने करताना पाय सरकू नयेत म्हणून तिचे रबर वा पीव्हीसी दाट केलेले असते, त्यामुळे ती अनेकदा किलोभर भरते आणि जाडी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर असल्याने गारवा फारसा अडवत नाही. गारवा अडवणे हेच तर मॅटचे पहिले काम आहे. स्लीपिंग बॅग कितीही उबदार असली तरी अंगाखालचा तिचा भाग दबून त्यातली हवा निघून जाते, आणि मग अंगातली ऊब थेट खालच्या कातळात उतरू लागते. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळच्या गुहांमध्ये डिसेंबरात जे झोपले आहेत, त्यांना पहाटेचा तो कातळ निराळा सांगायला नको.

गडासाठी बंद छिद्रांच्या फोमची, घडीची कॅरीमॅट घ्यावी. ती पाणी शोषत नाही, काट्याने निकामी होत नाही आणि चढावर थांबल्यावर बसायलाही उपयोगी पडते. विकत घेताना दुकानदाराकडे फोमचा तुकडा मागून तो पाण्यात बुडवून पिळून पाहावा. पाणी निथळले तर तो साधा स्पंज समजावा. या प्रकारातील थर्म-अ-रेस्टची झेड लाइट सोल ही 183 सेंटिमीटर लांबीची मॅट 410 ग्रॅमची आहे. तशी मॅट 120 सेंटिमीटरवर कापली, तर वजन 270 ग्रॅमच्या आसपास येते आणि पायांखाली रिकामी सॅक पसरता येते. महागडी वस्तू कात्रीने कापायला हात धजत नाही हे खरे, पण सॅकचे वजन असेच थोडेथोडे करून उतरते.

हर की दूनची उंची सुमारे 3,500 मीटर असल्याने तिथे एवढ्याने भागणार नाही. मॅट थंडी किती रोखते हे ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यावरून कळते. तो एएसटीएम एफ 3340 या पद्धतीने मोजलेला असेल, तरच दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करण्यात अर्थ आहे. वरील फोमच्या मॅटचा आकडा 2 आहे. एकावर एक मॅट अंथरल्यास आकड्यांची बेरीज होते, म्हणून तिच्यावर 2 ते 3 आर-व्हॅल्यूची हवेची मॅट टाकली की मे महिन्यातल्या तिथल्या रात्रींना पुरते. कुशीवर झोपणाऱ्याचा खुबा पातळ फोममधून जमिनीला टेकतो. सहा-सात सेंटिमीटर उंचीच्या हवेच्या मॅटमुळे आपला तोही त्रास वाचेल.

हवेची मॅट मात्र नाजूक असते. माझी पहिली मॅट करवंदाच्या एका काट्याने रात्री दोन वाजता जमिनीला टेकवली आणि उरलेली रात्र शेकोटीशेजारी बसून काढावी लागली. तेव्हापासून फोम खाली आणि हवेची मॅट वर, हा क्रम मी कधी उलटा केलेला नाही. तोंडाने फुंकल्यास श्वासातला दमटपणा आत साठतो, म्हणून सोबत मिळणारी पंपाची पिशवी वापरावी. रात्री गारठ्याने आतली हवा आकसून मॅट सैल झाली तर लगेच छिद्र शोधत बसू नये, थोडी हवा भरावी. उलट सकाळी ती फुगवलेली तशीच उन्हात ठेवू नये, कारण आतली हवा प्रसरण पावून तिचे जोड उसवू शकतात. निघण्यापूर्वी एक रात्र घरच्या फरशीवर तिच्यावर झोपून पाहावे आणि ठिगळांचे पाकीट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावे.