सायरन, भोंगा आणि हाकामारी

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय : "माझी भाची बेळगावात कॉलेजला आहे. कोरियन गाण्यांचं भारी वेड. मैत्रिणींच्या ग्रुपवर ती गाण्यांचा अर्थ मराठीत लिहून टाकते. परवा एका गाण्यात 'सायरन'पाशी अडली. मोबाईलनं भाषांतर दिलं 'भोंगा'. मला म्हणते, मावशी, एवढी नटलेली बाई स्वतःला भोंगा कशाला म्हणवून घेईल गं? ग्रीक पुराणातली सायरन वेगळी हे तिला ठाऊक आहे. पण तिला मराठीत म्हणायचं काय? जलपरी चालेल का? आणि डायोनिसस, इकारस ही नावं येतात त्यांचं काय करायचं?"

जलपरी नको, हे आधी सांगून टाकतो. भोंग्याला मात्र एवढ्यात हाकलू नका, त्याची बाजू ऐकण्यासारखी आहे.

आमच्या भागात भोंगा म्हणजे साखर कारखान्याचा. "पहिला भोंगा झाला, अजून डबा भरला नाही" हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. भोंगा वाजतो असंही कुणी म्हणत नाही बगा, भोंगा होतो. शब्द सरळ आवाजावरून आलेला : भों करतो तो भोंगा. सायरनचं तसं नाही. शार्ल कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच माणसानं १८१९ साली एक यंत्र केलं. भोकं पाडलेली तबकडी, तिच्यावर हवेचा झोत. तबकडी फिरली की भोकांची उघडझाप होते आणि सूर निघतो. सेकंदाला किती उघडझाप झाली यावरून त्या सुराची कंपनसंख्या मोजता येई. हे यंत्र पाण्याखालीही गाऊ शके, म्हणून त्यानं त्याला ग्रीक पुराणातल्या सायरनचं, म्हणजे गाण्यानं खलाशांना भुलवून ओढणाऱ्या समुद्रातल्या बायांचं नाव दिलं. पुढं त्याच जातीची यंत्रं इशारा द्यायच्या कामाला लागली. म्हणजे 'इकडे या' म्हणणारीचं नाव 'पळा' म्हणणाऱ्या यंत्राला चिकटलं. शब्दांच्या प्रवासात अर्थ असा पुरता उलटा झालेला क्वचित सापडतो.

भाचीचं गाणं बहुधा सनमी या कोरियन गायिकेचं असावं. २०१८ साली आलेल्या तिच्या 'वॉर्निंग' या मिनी अल्बममधलं मुख्य गाणं 'सायरन'. अल्बमचं नाव इशारा आणि गाण्याचं नाव सायरन, म्हणजे भुलवणारी आणि धोक्याची सूचना देणारी एकच. दोन्ही अर्थ मुद्दाम खेळवलेत. फॅन मंडळी अशा गोष्टीला 'थिअरी' म्हणतात, आपण श्लेष म्हणतो. मोरोपंतांना आवडलं असतं. तेव्हा मोबाईल पुरता चुकलेला नाही, त्याला अर्धा अर्थ कळलाय.

आणखी एक गंमत. कोरियन भाषेत ही दोन रूपं वेगवेगळी लिहितात : इशाऱ्याचा तो 'साइरेन', पुराणातली ती 'सेइरेन'. सनमीच्या गाण्याचं नाव पहिल्या पद्धतीनं लिहिलेलं आहे. म्हणजे तिनं पाटी भोंग्याची लावली आणि आत बाई बसवली.

आता ती बाई कोण? ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात, ओडिसियस या वीराच्या समुद्रप्रवासाच्या कथेत, बाराव्या सर्गात ती भेटते. तिथं त्या दोघी आहेत आणि होमर त्यांच्यासाठी द्विवचन वापरतो, आपल्या संस्कृतासारखं. दिसतात कशा याबद्दल तो अक्षर बोलत नाही. ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत मात्र त्यांना बाईचं डोकं आणि पक्ष्याचं अंग आहे. माशाची शेपटी कितीतरी शतकांनी, मध्ययुगात लागली. पुढं फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांत सायरन आणि मत्स्यकन्या यांना एकच शब्द झाला. त्यामुळं शेपटीची चित्रं काढणाऱ्या पोरींना हसू नये. पण 'जलपरी' म्हटलं की डोळ्यांपुढं गोष्टीच्या पुस्तकातली गोड, गुलाबी मुलगी येते. होमरच्या कुरणात गाणाऱ्यांच्या भोवती माणसांच्या हाडांचा ढीग आहे.

डायोनिसस (ग्रीकांचा मद्याचा देव) आणि इकारस (मेणाचे पंख लावून सूर्याजवळ उडालेला पोरगा) यांचा प्रश्न सोपा. ती विशेषनामं, जशीच्या तशी ठेवावीत. बीटीएस या कोरियन गायकांच्या गटाच्या २०१९ च्या गाण्यातल्या डायोनिससला आपला कुठलाच देव पुरा बसत नाही. त्याच्या हातातली वेल गुंडाळलेली काठी तेवढी समजावून सांगा. जोतिबाची सासनकाठी पाहिलेल्या माणसाला देवाची काठी म्हणजे काय ते फोडून सांगावं लागत नाही. सायरन हे मात्र एकीचं नाव नाही, जातीचं आहे. जातीला शब्द लागतो, म्हणून आपल्या घरात शोधू.

अप्सरा? व्युत्पत्तीनं ती पाण्याचीच, 'अप्' म्हणजे पाणी. पण ती इंद्राच्या हुकमानं तप मोडायला येते, जीव घ्यायला नाही. तिचंच लोकांच्या तोंडचं रूप आसरा. विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात त्या साती आसरा. पाण्यात ओढतात म्हणून त्यांची भीती, आणि ओटीही त्यांचीच भरायची. मला हा शब्द फार जवळचा वाटला होता. मग वाक्य करून बघितलं : "मी आसरा आहे." झालं! बुडवणारी बाई एकदम धर्मशाळा झाली.

किन्नरी अर्धी पक्षी आणि गाणारी, शिवाय तिच्या नावाचं वाद्य आमच्याकडे दोन्ही भाषांत आहे : कन्नडमध्ये किन्नरी, मराठीत किंगरी. पण 'किन्नर' म्हटल्यावर आजचा वाचक तृतीयपंथी व्यक्तीचा विचार करतो, गाणं बाजूला राहतं. मोहिनी बरी, पण तिचं सगळं काम रूपावर चालतं. सायरनचं सगळं आवाजावर.

उरली हाकामारी. ही रात्री दारात येते आणि ओळखीच्या आवाजात तुमचं नाव घेऊन हाक मारते. ओ दिली की संपलं. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं घरातली जुनी माणसं बजावायची. हिच्याच कन्नड बहिणीसाठी १९९० च्या दशकात कर्नाटकात दारांवर 'नाळे बा' लिहीत, म्हणजे 'उद्या ये'. ती रोज वाचणार आणि रोज परत जाणार.

आता होमर पुन्हा बघा. ओडिसियसचं जहाज जवळ आल्यावर त्या दोघी सायरन पहिल्यांदा काय करतात? "इकडे ये, ओडिसियस" अशी त्याच्या नावानिशी हाक मारतात! आमिषही रूपाचं नाही. ट्रॉयच्या युद्धातलं सगळं आम्हाला माहीत आहे, ऐकून शहाणा होऊन जा, असं त्या सांगतात. खलाशांच्या कानांत मेण, म्हणून ओ देणारं कुणी नाही. आणि ज्याला ऐकू येतंय तो डोलकाठीला बांधलेला. ओ देऊनही जाता येऊ नये, याची ही तजवीज.

तेव्हा माझं मत असं. पुराणातलीला 'सीरेन' लिहावं, ते ग्रीक उच्चाराच्या जवळही आहे. ती सीरेन, अनेक सीरेनी, विहीर-विहिरीसारखं. इशाऱ्याचा तो सायरन, तो पुल्लिंगीच राहू दे. सीरेन पहिल्यांदा आली की शेजारी "समुद्रातली हाकामारी" एवढी ओळख द्यावी. हाकामारी दिसायला देखणी नाही ही तक्रार मला मान्य आहे, पण होमरच्या सीरेनीही देखण्या आहेत असं त्यानं कुठं म्हटलंय?

श्लेषाचं काय, असं भाची विचारणारच. हाकामारीच्या 'हाक'मधूनच 'हाकाटी' निघते, धोक्याची आरडाओरड. "हाकामारीचीच हाकाटी" असं काही जमतंय का ते तिनं बघावं. चालीत बसवणं तिचं काम, माझा कान त्या तालाला सरावलेला नाही. ग्रुपवर कन्नड मैत्रिणी असतील तर त्यांच्यासाठी खाली नुसतं 'नाळे बा' लिहा. पुढचं त्याच सांगतील.