भोसरीत झणझणीत जेवायचं तर

प्रिय दोस्ता,

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत रुजू झालास, डबा करायला वेळ नाही आणि दुपारी झणझणीत हवं, तेही शंभर-सव्वाशेत. मग तू अगदी योग्य ठिकाणी आला आहेस. जळगाव-धुळ्यापासून सोलापूर-लातूरपर्यंतची माणसं या पट्ट्यात कामाला आली आणि आपापले मसाले घेऊन आली. म्हणून चांगलं हॉटेल कुठलं, असं विचारत फिरू नकोस. कुठल्या जिल्ह्याची माणसं कुठे जेवतात, ते हुडक.

पहिली खूण दारातच असते, गाड्यांच्या नंबरप्लेटींवर. एमएच १४ इथलीच, ती सोडून दे. एमएच १९ म्हणजे जळगाव आणि १८ म्हणजे धुळे. अशा चार-पाच गाड्या एका पत्र्याच्या शेडबाहेर दिसल्या, तर आत शेवभाजी असण्याची शक्यता दाट. एमएच १३, म्हणजे सोलापूर, दिसली तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी आहे का विचार, ०९, म्हणजे कोल्हापूर, दिसली तर तांबडा-पांढरा रस्सा. फोनवर शोधायचं असेल तर ‘रेस्टॉरंट’ टाकू नकोस. ‘खानावळ’, ‘मेस’, ‘भाकरी’, ‘शेवभाजी’ असं मराठीत टाक. आणि तारे मोजण्यापेक्षा दरफलकाचा सगळ्यात अलीकडचा फोटो उघड. दरही कळतात आणि भाकरी ज्वारीची की बाजरीची, तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

वार सांभाळ. गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे एमआयडीसीच्या आतल्या बऱ्याच खानावळी बंद असतात. त्या दिवशी गावठाणाकडे नाहीतर आळंदी रोडला वळ. मटण बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी खा. सोमवारी-शनिवारी पुष्कळ लोक पाळतात, खप कमी होतो आणि आदल्या दिवशीचा रस्सा पुन्हा उकळून ताटात येण्याचा धोका वाढतो. वेळ म्हणशील तर साडेबाराच्या आत जाऊन बस. दीडनंतर गर्दीला पुरवायला रस्स्यात पाणी पडतं आणि भाकऱ्या थंड झालेल्या असतात.

सुरुवात शेवभाजीने कर, कारण खानावळीची परीक्षा या एका पदार्थात होते. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि काळा मसाला यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग गरम पाणी घालून रस्सा उकळायचा. शेव मात्र वाढतानाच पडायला हवी: वाटीत जाड तिखट शेव आणि वरून उकळता रस्सा. वाटी समोर आली की शेव बोटाने दाबून बघ. बाहेरून मऊ आणि मधे किंचित करकरीत लागली तर ताजी. लगदा झाला असेल, तर सकाळीच एकत्र करून ठेवलंय. रस्सा पिठासारखा दाट आणि गुळमट लागला, तर वाटण कमी आणि बेसन जास्त. खवट वास आला तर खोबरं जुनं. तिथे पुन्हा जाऊ नकोस.

लालभडक तर्री, म्हणजे रस्स्यावरचा तेलाचा तवंग, बघून घाबरू नकोस आणि हुरळूनही जाऊ नकोस. ब्याडगी मिरची रंग भरपूर देते, तिखटपणा बेताचाच. लवंगी मिरची टाकलेला फिकट रस्सा जास्त झोंबतो. नव्या ठिकाणी तर्री वेगळ्या वाटीत माग. पहिले दोन घास नुसत्या रस्स्याबरोबर खा, मग एकेक चमचा वाढव. तोंड पेटलं तर पाणी पिऊ नकोस. मिरचीचा जहाल अंश पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. ताक किंवा दही घे, नाहीतर कोरडी भाकरी चावून खा. रिकाम्या पोटी, नुसता चहा पिऊन गेलास, तर संध्याकाळपर्यंत छातीत जळजळ होईल. सकाळी दोन घास तरी खाऊन निघ.

बसण्याआधी दोनच गोष्टी विचार: रस्सा पुन्हा वाढता का, आणि भाकरी आता थापताय का? गरम भाकरीला सुटा पापुद्रा असतो. तो नसेल तर चपाती माग. पाणी आपल्या बाटलीतलं पी. कांदा सकाळी चिरून ठेवलेला असतो, कडा सुकलेल्या असतात. तसा दिसला तर दुसरा चिरून माग. रागावत नाहीत, देतात. एप्रिल-मेमध्ये ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारी खाऊ नकोस, ती लवकर आंबते. शेंगाचटणी आणि ठेचा बिनधास्त खा.

आणखी एक. कूपन स्वस्त पडतं म्हणून पहिल्याच आठवड्यात कोणी महिन्याची मेस लावायला सांगेल. इतक्यात लावू नकोस. मेसचं जेवण सगळ्यांना चालावं म्हणून सौम्य असतं, आणि पैसे आधी भरले की पाय दुसरीकडे वळत नाहीत. आधी टी ब्लॉक, जे ब्लॉक, टेल्को रोड, इंद्रायणीनगर असं एकेका दिवशी पायाखाली घाल. महिनाअखेर हात आखडला, तर कूपन तेव्हाही मिळेल.

तुझा,
काका