एकोणचाळीस वेळा खरं, म्हणजे खरंच का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. क्लासच्या परीक्षेत विचारलं होतं, ‘कोणतीही नैसर्गिक संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. उत्तर नेहमी मूळ संख्याच येईल का? कारण द्या.’ तिनं १ ते १० घालून पाहिलं. ४३, ४७, ५३ पासून १५१ पर्यंत सगळ्या मूळ. म्हणून ‘हो’ लिहिलं, तर शून्य गुण. नुसती फुली, शेरा नाही. दोन दिवस वहीला हात लावत नाहीये. तिचं चुकलं कुठे?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, लेकीला आधी हे सांगा, की याच जातीच्या सूत्राची नोंद ऑयलर या थोर गणितज्ञानं १७७२ मध्ये घेतली होती. साध्या गणितावर ती फसलेली नाही. दहावर न थांबता ती ३९ पर्यंत गेली असती, तरी प्रत्येक उत्तर मूळच आलं असतं, शेवटचं १६०१. घोटाळा होतो तो ४० वर.

पण तिथवर मोजत जायची गरजच नाही. संख्येच्या वर्गात तीच संख्या मिळवणं म्हणजे तिला तिच्या पुढच्या संख्येनं गुणणं. १० घेतले तर १० × ११, आणि वर ४१. आता विचारायचं, या बेरजेला ४१ नं भाग कधी जाईल? वरचे ४१ आहेतच. गुणाकारातही ४१ आला की झालं. पुढची संख्या ४१, म्हणजे आपली ४०. ४० × ४१ + ४१, म्हणजेच ४१ × ४१. उत्तर १६८१, मूळ नाही. असं एक प्रतिउदाहरण सापडलं, की ‘नेहमी’ हा शब्द खोडावाच लागतो.

परळच्या एका रात्रशाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवलं. दिवसा लादीकाम करणारा एक मुलगा वर्गात होता. दहा लाद्या ओळीत बसल्या म्हणून अकरावी बसेल, असं तो कधी धरून चालत नसे. आधी कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, लावून बघे. सिद्धता म्हणजे काय, हे त्याला मला फार समजवावं लागलं नाही.

आणि तिचे दहा प्रयत्न वाया गेलेले नाहीत, ताई. ती दहा उत्तरं पुन्हा बघायला सांगा. सगळी विषम आहेत. हे मात्र नेहमी खरं आहे, आणि ते ती स्वतः सिद्ध करू शकते : लगतच्या दोन संख्यांत एक सम असतेच, म्हणून गुणाकार सम, त्यात ४१ मिळवले की विषम. भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहितात, तसंच हे वहीत लिहू दे. आकडे घालून पाहिल्यानं संशय येतो, दिशा कळते. खात्री हवी तर ‘असंच का?’ विचारावं लागतं. हे वाक्य तिच्या सरांनी फुलीशेजारी लिहायला हवं होतं. कारण न सांगता मारलेल्या फुलीनं मुलं गणितापासून तुटतात, हे मी पाहिलंय.

आज रात्री कॅरमच्या सोंगट्या पिशवीत भरा : ९ काळ्या, ९ पांढऱ्या, १ राणी. न बघता कमीत कमी किती काढल्या, की हातात दोन काळ्या असतीलच? तिनं १२ सांगितलं, तर लगेच शाबासकी देऊ नका. अकरांत कुठे अडतं, ते सोंगट्या मांडून दाखवायला सांगा.