दवाखान्याची जागा भाड्याने देऊ नका एवढ्यात

नमस्कार,

लातूरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कान-नाक-घशाची सर्जन व्हायचंय, वर ‘संशोधनही करायचंय’ म्हणते. तुम्ही विचारता, “एवढं शिकून उंदरांच्या पिंजऱ्यापाशी बसणार असेल, तर दवाखाना कोण चालवणार?” त्यासाठी तुम्ही मेडिकलच्या वरचा मजला रिकामा ठेवलाय. आणि जाता जाता लिहिलंय, की हल्ली गिऱ्हाइकाला औषधाचं नाव दोनदा सांगावं लागतं.

त्या ओळीवरून मला ग्रॅम क्लार्क आठवले. ऑस्ट्रेलियातल्या कॅमडेन गावी त्यांच्या वडिलांचं औषधांचंच दुकान होतं आणि वडिलांना कमी ऐकू यायचं. क्लार्क ईएनटी सर्जन झाले. मेलबर्नमध्ये प्रॅक्टिस करत होते. ती सोडून बायकोमुलांसह सिडनीला गेले आणि पीएचडीला बसले. (त्यांच्या नातेवाइकांनी तुमचाच प्रश्न विचारला असणार!) १९६९ मध्ये पीएचडी झाली, १९७० मध्ये मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झाले. डोक्यात एकच: पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवणाच्या नसेला थेट वीज दिली, तर त्याला बोलणं कळेल का? बऱ्याच शास्त्रज्ञांना हा वेडेपणा वाटत होता. पैसे कमी पडले तेव्हा टीव्हीवरून वर्गणी गोळा झाली.

आतल्या कानाचा शंख असतो अडीच वेढ्यांचा, वाटाण्याएवढा. त्यात वीज नेणाऱ्या तारांची जुडी आत सरकवायची कशी, इथे गाडं अडलं होतं. १९७७ च्या सुट्टीत समुद्रकिनारी क्लार्कनी एक शिंपला उचलला आणि गवताची पाती त्याच्या वेढ्यांत घालून पाहिली. जी पाती बुडाशी ताठ आणि टोकाला लवचीक होती, ती वळत वळत आत गेली. तारांची जुडी तशीच हवी, हे तिथे कळलं. १ ऑगस्ट १९७८ ला त्यांनी आपल्या पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. कानाच्या हाडात स्वतः ड्रिल चालवलेल्या माणसालाच शिंपला बघून असलं काही सुचतं, असं माझं मत. आज आपल्याकडेही लहान मुलांना असं यंत्र, म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट, बसवतात, केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या ‘एडिप’ योजनेतून गरजूंना मदतही मिळते.

म्हणून मुलीला सांगा, आधी हात तयार कर. एमबीबीएस, इंटर्नशिप, नीट पीजी, मग तीन वर्षांचं एमएस. प्रश्न सापडतात ते ओपीडीत. फुटलेल्या पडद्याचा, वाहत्या कानाचा विसावा पेशंट बघताना एखाद्याचं काहीतरी वेगळं दिसतं, ते वहीत टिपायची सवय लागली तर पुढचं जमतं. एमएसला थिसिस सक्तीचा असतो. बरीच मुलं तो जुन्या थिसिसवरून उरकतात, आणि खरं सांगायचं तर रेसिडेन्सीत झोपच पुरत नाही, त्यामुळे मी त्यांना फार दोषही देत नाही. पण हिला तो मनापासून करावा लागेल. कॉलेज निवडताना हॉस्टेलआधी गाईडची चौकशी करा.

एमएसपर्यंत थांबायचंही कारण नाही. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस योजना आहे: गाईडच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, वर विद्यावेतन. कॉलेजातल्या ईएनटीच्या सरांना आत्ताच भेटू दे. निवड झाली नाही तरी प्रस्ताव लिहिण्यातच पुष्कळ कळतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. अध्यापन आणि संशोधन करणाऱ्या सर्जनला पगार बरा मिळतो, पण लातुरात चालत्या दवाखान्याइतका नाही. वर अनुदानाचे अर्ज, एथिक्स कमिटीच्या परवानग्या आणि नाकारले गेलेले शोधनिबंध. तिला हे चालणार असेल तर तुम्ही आड येऊ नका. उंदरांचं म्हणाल, तर ईएनटीतलं बरंचसं संशोधन पेशंटवरच होतं. दवाखाना आणि संशोधन दोन्ही सांभाळणारे सर्जनही असतात, तेव्हा तो मजला एवढ्यात भाड्याने देऊ नका.

आणि तुमची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, टाळू नका. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी येईल तेव्हा तिला बरोबर न्या. आवाजबंद खोलीत तुम्ही बटण दाबत असताना तिला बाहेर ऑडिओलॉजिस्टच्या शेजारी बसू देतात का विचारा. वडिलांचा आलेख रेषेरेषेने खाली उतरताना बघून ती काय विचारते, ते मला कळवा.