वाचकांचे प्रश्न : सुलोचना एक की तीन?

प्रश्न : आईच्या जुन्या वहीत 'सुलोचना' या एकाच नावाखाली तीन नोंदी सापडल्या : दादासाहेब फाळके पुरस्कार, 'वहिनीच्या बांगड्या' हा चित्रपट आणि 'सोळावं वरीस धोक्याचं' ही लावणी. हे सर्व एकाच कलावतीचे कर्तृत्व आहे का?
— एक वाचिका, मिरज

उत्तर : नाही. या तीन स्वतंत्र स्त्रिया आहेत, आणि त्यांतील दोघींचे 'सुलोचना' हे नाव चित्रपटसृष्टीत आल्यावर मिळालेले आहे.

फाळके पुरस्काराच्या मानकरी सुलोचना म्हणजे 1907 साली पुण्यात जन्मलेल्या, बगदादी ज्यू कुटुंबातील रूबी मायर्स. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणारी ही तरुणी मूकपटांच्या काळात देशातील सर्वांत लोकप्रिय तारकांपैकी एक झाली. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' या 1927 च्या मूकपटात त्यांनी पोलीस आणि माळी यांच्यासह तब्बल आठ भूमिका केल्या होत्या. बोलपट आल्यावर हिंदुस्थानी भाषा येत नसल्याने त्यांना मागे पडावे लागले. परंतु भाषा शिकून त्या परतल्या. 1928 च्या मूकपटात आणि 1935 च्या बोलपटात त्या अनारकली झाल्या आणि 1953 च्या 'अनारकली'त त्यांनी सलीमच्या आईची भूमिका केली. एका अभिनेत्रीची सारी कारकीर्द एकाच कथेच्या तीन रूपांत अशी दिसावी, हे मला फार हृद्य वाटते. फाळके पुरस्कार त्यांना 1973 सालासाठी मिळाला.

त्याच 1953 मध्ये 'वहिनीच्या बांगड्या' आला, आणि घोटाळा येथूनच वाढतो, कारण एकाच वर्षी दोन सुलोचना पडद्यावर होत्या. मराठी चित्रपटातील सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर. चिकोडी तालुक्यातील खडकलाट हे त्यांचे गाव. त्यांना हे नाव कोल्हापुरात दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांनी दिले. त्यांच्या बोलक्या डोळ्यांकडे पाहून ते सुचले, असे सांगतात. हिंदीत 'सुजाता'सारख्या चित्रपटांतील सोज्ज्वळ आईच्या भूमिकांमुळे त्या देशभर ओळखल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाने 2009 चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना दिला. 4 जून 2023 रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

तिसऱ्या सुलोचना चव्हाण या गायिका. 'सोळावं वरीस धोक्याचं' ही 'सवाल माझा ऐका' या चित्रपटातील लावणी. वसंत पवार यांनी तिला चाल लावली आणि सुलोचनाबाईंनी ती घराघरांत पोहोचवली. लावणीतील शृंगार त्यांनी केवळ स्वरांतून, शब्दांच्या फेकीतून आणि एखाद्या अक्षरावरच्या नेमक्या ठसक्यातून उभा केला. मंचावर मात्र त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन माइकसमोर शांतपणे उभ्या राहत. बैठकीत ऐकायला संकोच वाटावा अशी मानली जाणारी लावणी मध्यमवर्गीय घरांतील रेडिओवर मोकळेपणाने ऐकली जाऊ लागली, यात या गायकीचा वाटा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला त्या गेल्या.

तेव्हा वहीतील पहिल्या नोंदीपुढे रूबी मायर्स, दुसरीपुढे लाटकर आणि तिसरीपुढे चव्हाण असे लिहून ठेवावे. एक दक्षता मात्र घ्यावी. 1951 च्या 'ढोलक' या हिंदी चित्रपटातील 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर' हे गीत वहीत कोठे असेल, तर त्यापुढे 'सुलोचना कदम' असे नाव आढळेल. ती चौथी सुलोचना नव्हे. श्यामराव चव्हाण यांच्याशी विवाह होण्यापूर्वीच्या त्या आपल्या लावणीच्या सुलोचनाबाईच आहेत.